रेडिओ बंद पडलाय, उस्ताद कुठं गेले?

मागच्या अंकात संपादकांनी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की गल्लीतल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबद्दल काही विचारायचं असेल, काही आठवत असेल तर पाठवा, अन् पत्रं काय, व्हॉट्सॲप काय, नुसता पाऊस पडलाय. उत्तरं माझ्या गळ्यात पडली कारण मी परभणीत एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो आणि नंतर स्वतःचं दुकान टाकून बसलो. सगळ्यांना उत्तर देणं होणार नाही, ज्यात दुसऱ्यालाबी कामाचं काही सापडेल ती पत्रं घेतलीत.

प्रश्न: आजोबांचा लाकडी पेटीचा मोठा रेडिओ माळ्यावर सापडला. व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, आहे. पोरं म्हणायलीत पिन लावून बघू, मी अडवून धरलंय. ज्या दुकानात तो दुरुस्तीला जायचा तिथं आता मोबाईलचे कव्हर विकतेत. काय करावं?
— एक वाचक, सेलू

उत्तर: भाऊ, अडवून धरलंत ते बरं केलं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या सेटमधले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे छोटे पार्ट) ओल धरतात आणि लीक व्हायला लागतात, म्हणजे नको तिथं करंट सोडतात. त्यातला आउटपुट व्हॉल्व्हच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडला जाणारा एक जरी लीक असला ना, तर तो व्हॉल्व्ह बेफाम तापतो आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो, अन् तो ट्रान्सफॉर्मर आता बाजारात मिळत नाही, भरून घ्यावा लागतो, आणि भरणारे लोक आता विहिरीच्या मोटारी सोडून दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत.

आमच्या उस्तादांच्या टेबलावर मीटरच्याही आधी एक वस्तू असायची, सिरीज बोर्ड. लाकडी फळी, तिच्यावर एक होल्डर, त्यात शंभरचा बल्ब आणि बाजूला एक सॉकेट, बस, एवढंच. रेडिओ त्या सॉकेटला लावला की करंट आधी बल्बातून जाणार. बल्ब फुल पेटला आणि तसाच राहिला म्हणजे आत शॉर्ट आहे, पेटीचे स्क्रू खोलायच्या आधीच अर्धं निदान झालं. चमकून हळूहळू मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. गिऱ्हाईक कावायचं की उस्ताद बल्बाकडं काहून बघायलेत, रेडिओकडं बघा की! हा बोर्ड तुमच्या गावातला कोणीबी वायरमन बनवून देईल, फक्त बल्ब जुना, आत तार असलेला पाहिजे, एलईडी लावून काही कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, ही नीट वाचा. मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरचे नंबर बघा, पण पिन बाहेर असताना. ईसीएच ८१, ईएल ८४ असं ई पासून सुरू होत असेल तर बहुतेक करून आत मेन ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच ८१, यूएल ८४, यूवाय ८५ असं यू असेल तर तो एसी-डीसी सेट, दोन्ही प्रकारच्या लाईटवर चालणारा. पूर्वी काही गावांत डीसी लाईट होती म्हणून असे सेट यायचे. त्यात व्हॉल्व्हचे फिलामेंट एकापुढं एक जोडलेले असतात, एक उडाला की सगळे विझतात, आणि लोकांना वाटायचं रेडिओच मेला, उस्ताद एक व्हॉल्व्ह बदलून पाच मिनिटात चालू करून द्यायचे. पण या सेटचा पत्रा, म्हणजे चॅसिस, थेट लाईटच्या एका वायरीला जोडलेला असतो, पिन उलटी बसली की पूर्ण चॅसिस जिवंत. अशा कित्येक सेटमध्ये नॉबचा बारीक स्क्रू आत खोल बसवून वरून मेण भरलेलं असायचं ते शोभेला नव्हतं, बोट लागू नये म्हणून होतं. नॉब निघालेला असेल तर पोरांना लांबच ठेवा.

कंडेन्सर नवे टाकले, फिल्टरचा मोठा कंडेन्सर बदलला (घूंऽऽ असा आवाज येतो तो त्याचाच), डायलची दोरी बसवली की असा रेडिओ अजून वाजतो. मीडियम वेव्हला १३०५ किलोहर्ट्झवर परभणी लावून बघा, डायल मीटरची असेल तर २३० च्या आसपास काटा न्या. फक्त घरातले मोबाईलचे चार्जर अन् एलईडी बंद करून ऐका, नाहीतर नुसता कर्र आवाज येईल आणि तुम्ही रेडिओला नावं ठेवाल.

प्रश्न: आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं की दुकानवाले चांगले पार्ट काढून घेतात आणि डुप्लिकेट टाकून देतात. वडील तर रेडिओ न्यायच्या आधी स्पीकरवर आईच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचे. खरं खरं सांगा काका, काढायचे का?
— एक ताई, जालना

उत्तर: नेलपॉलिशचे ठिपके आम्ही पाहिलेत ताई! कुणी पेनानं सही करायचं, कुणी चॅसिसवर खिळ्यानं ओरखडा मारायचं, एका मास्तरांनी तर सगळ्या पार्टची यादी करून आणली होती, अन् उस्तादांकडून तिच्यावर सही घेतली. उस्तादांनी केली बी.

खरं सांगायचं तर तुमच्या ट्रान्झिस्टर रेडिओत चोरावं असं होतं काय? एसी १२८ चा ट्रान्झिस्टर, बीएफ १९४, दोन-तीन आयएफटी (छोट्या डबीतल्या कॉइल), एक गँग (स्टेशन लावायचा पार्ट). एसी १२८ डझनानं आणून ठेवलेला असायचा. हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीत सगळा माल मिळायचा, मीटरगेजच्या अजिंठा एक्स्प्रेसनं रात्रभर बसून जायचं, पिशवी भरून आणायची, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा आपल्याला ते सोयीचं. त्यामुळं दोन रुपयांच्या पार्टसाठी गावातलं नाव घालवणारा मेकॅनिक मूर्खच म्हणायचा. स्पीकरचं मात्र मी छातीठोक बोलणार नाही. जुन्या मोठ्या सेटचे स्पीकर चांगले असायचे आणि काही लोकांचा त्याच्यावर डोळा असायचा, त्यामुळं तुमच्या वडिलांनी ठिपका बरोबर जागी दिला होता.

पण लुबाडणूक व्हायची ती वेगळीच, आणि ती पार्ट काढण्यात नव्हती, बोलण्यात होती. टीव्ही बंद पडला, आत एक फ्यूज उडालाय किंवा एक रेझिस्टर जळालाय, आणि सांगायचं काय तर "एलओटी गेली". एलओटी म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट देणारा, अन् तो खरंच जायचा, आपल्या लाईटच्या कमी-जास्तीनं तर हमखास जायचा, म्हणून कुणाला शंका यायची नाही. सोबत बीयू २०५, म्हणजे एलओटी चालवणारा ट्रान्झिस्टर, सुद्धा गेला म्हणायचं. बिल दुप्पट. दुसरा प्रकार पिक्चर ट्यूबचा. ट्यूब म्हातारी झाली की चित्र काळपट पडतं, मग एलओटीच्या कोअरवर वायरीचे एक-दोन जास्तीचे वेढे मारून हीटरला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, चित्र काही महिने लखलखीत. यात गैर काही नाही, आम्हीबी केलंय, गरिबाचा टीव्ही तेवढा चालायचा. पण "ट्यूब नवी टाकली" म्हणून पैसे घेणारे होते, अन् ते चोरच.

चांगल्या दुकानाची खूण आमच्याकडं एकच होती. बदललेला पार्ट पेपरच्या पुडीत बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईकाला त्यातलं काही कळत नसायचं, तरी पुडी घरी न्यायचं आणि रेडिओच्या मागं ठेवून द्यायचं. तुमच्या घरात अशी पुडी असेल तर तुमचा मेकॅनिक भला माणूस होता असं समजा.

आणि ताई, दुसरी बाजू बी ऐका. "बघून ठेवा, बाजारच्या दिवशी नेतो" म्हणून सेट टाकून जायचं अन् मग तिकडून जाताना दुकानासमोरून रस्ता बदलायचा, असे महाभाग प्रत्येक दुकानाला होते. कापूस विकला की नेणार, तूर विकली की नेणार. आमच्या खिशातला पार्ट त्याच्या सेटमध्ये, आणि सेट आमच्या फळीवर. मागितले तर म्हणणार, घरचेच आहात की. वर स्पीकरवर ठिपका!

प्रश्न: आमच्याकडे टीव्हीला थापड मारली की चालू व्हायचा असं बाबा सांगतात. हे खरंच व्हायचं की गंमत? मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे.
— विद्यार्थी, नांदेड

उत्तर: खरंच व्हायचं. ड्राय सोल्डर. टीव्ही तापतो, थंड होतो, तापतो, थंड होतो, त्यात जड पार्टचे टाके, विशेष करून एलओटीच्या पायाचे, गोल चिरतात अन् सुटतात. थापड बसली की पुन्हा टेकतात. भिंगातून बघितलं की पायाभोवती केसासारखी काळी रिंग दिसते. राळ लावून नवा टाका मारला की झालं काम. तुला प्रॅक्टिकलला बोर्ड चालला नाही तर आधी हेच बघ, अन् थापड मारू नको, सर बघायलेत.

प्रश्न: आईच्या ट्रंकेत एक छोटं पुस्तक सापडलं, पोस्टाचे शिक्के मारलेलं, रेडिओचं लायसन म्हणून. रेडिओला लायसन?
— वाचक, परळी वैजनाथ

उत्तर: हो, रेडिओला लायसन लागायचं, सायकलला बिल्ला लागायचा, ते दिवसच तसे होते. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. घरच्या रेडिओला वर्षाला १५ रुपये, पुढं टीव्हीला ५०. १९८० च्या दशकाच्या मध्यात सरकारनं हे बंद केलं. तपासायला माणूस येणार अशी अफवा उठली की गल्लीतले रेडिओ धान्याच्या कणगीत जायचे अन् दोन दिवस बातम्या बंद. आणि काही शहाणे "आम्ही नाही हो, आमचा दुरुस्तीला टाकलाय" असं सांगून आमच्या दुकानाकडं बोट दाखवायचे. पुस्तक टाकून देऊ नका, चांगलं आहे.

प्रश्न: केजला आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, अजून जुना ॲल्युमिनियमचा अँटेना उभा आहे. वडील तो फिरवायचे, मी खालून ओरडायचो, आलं आलं, गेलं गेलं. जुना ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही पण आहे अन् चालतो, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या, काळे-पांढरे ठिपके. अँटेना नवीन घेतला तर दूरदर्शन लागेल का?
— वाचक, केज

उत्तर: नाही लागणार, पैसे घालू नका. तुमच्या टीव्हीत बिघाड नाही, अँटेनातबी नाही, समोरून काही येतच नाही. दूरदर्शनचे ते जुने ॲनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद करत आणले आणि २०२२ पर्यंत देशातले जवळपास सगळे थांबले. मुंग्या दिसायल्यात म्हणजे टीव्ही तंदुरुस्त आहे, उलट खूष व्हा.

तुमचा अँटेना पूर्वेकडं तोंड करून असणार, अंबाजोगाईकडं. तिथलं मोठं टॉवर म्हणजे आपल्या भागाचा देवच होता, तसंच तिकडं संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, त्यांना म्हैसमाळचं. त्याच्या आधी १९८४ च्या आसपास देशभर धडाधड छोटे ट्रान्समीटर बसवले गेले, इन्सॅट-१बी वरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत टाकायचा, म्हणून तालुक्याला दिसायचं अन् चार कोस पलीकडच्या गावाला मुंग्या. मग तिथले लोक बांबूवर बांबू बांधून अँटेना उंच करायचे. आमचं निम्मं काम दुकानात नव्हतंच, लोकांच्या गच्चीवर होतं. पुढच्या छोट्या काड्या स्टेशनकडं आणि सगळ्यात लांब काडी मागं, एवढं साधं गणित, पण उलटा अँटेना बांधून वर्षभर मुंग्या बघत बसलेली घरं मी पाहिलीत. कावळ्यांनी वाकवलेल्या काड्या सरळ करणं, चपटी वायर उन्हानं तडकलेली बदलणं, बूस्टरमध्ये पाणी गेलेलं पुसणं. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा शनिवारी रात्री उशिरापर्यंत दुकान उघडं असायचं, रविवारी कुणाचा टीव्ही बंद राहिला तर लोक घरी यायचे, अन् चहा प्यायला नाही यायचे!

चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना आल्यावर तर एक गंमतच झाली. तिथं कामाला असलेला कुणाचा पोरगा दिवाळीला गावी आला की अख्खं गाव टीव्ही घेऊन त्याच्या दारात. तो बिचारा पॅकिंगला असायचा, खोक्याला पट्टी मारायचा. पण सांगतो कोणाला.

आता तुमच्या टीव्हीचं. दूरदर्शनची डीडी फ्री डिश घ्या, २००४ पासून आहे, महिन्याचे पैसे नाहीत. छत्री (डिश) आग्नेयेला करावी लागते, तुमच्या जुन्या अँटेनाचा खांब बरोबर कामाला येईल. फक्त टीव्ही इतका जुना असेल की मागं पिवळी-पांढरी पिन लावायला जागाच नसेल, तर मधी एक आरएफ मॉड्युलेटर लागेल, चित्र अँटेनाच्या जागेतून टीव्हीत घालणारी छोटी डबी असते, जुन्या केबलवाल्याकडं पडलेली सापडेल. चित्र ब्लॅक अँड व्हाईटच येणार, ते मात्र मला बदलता येत नाही.

प्रश्न नाही, आठवण: ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आम्ही औसा तालुक्यात होतो. घर पडलं. ढिगाऱ्यातून वडिलांनी ट्रान्झिस्टर काढला, सेल टाकले तर नुसती खरखर. लातूरहून आलेल्या एका मेकॅनिकनं पत्र्याच्या शेडबाहेर बसून तो साफ करून दिला, पैसे घेतले नाहीत. बातम्यांत आमच्या गावाचं नाव कधी येतं म्हणून सगळे कान लावून बसायचे. त्या माणसाचं नाव आम्ही विचारलं नाही.
— वाचक, औसा तालुका

उत्तर: काय झालं असेल ते सांगतो. मातीची धूळ गँगमध्ये गेली असणार. गँग म्हणजे स्टेशन लावायचा नॉब फिरवला की ज्याची पातळ पानं एकात एक सरकतात तो पार्ट, पॉकेट रेडिओत तो प्लॅस्टिकच्या डबीत बंद असतो पण मोठ्या ट्रान्झिस्टरला उघडा असायचा. पानांच्या मधी कण अडकला की खरखर. ब्रशनं आणि फुंकरीनं निघतं, पण घाईत पान वाकलं तर सेट गेला, त्यामुळं शेडबाहेर त्या गर्दीत बसून ते करणारा हाताचा पक्का माणूस असणार. कुणाला हा मेकॅनिक माहीत असेल तर संपादकांना कळवा, निरोप पोचवतील.

प्रश्न: यजमानांचं टीव्ही-रेडिओचं दुकान होतं, ते जाऊन आता बरेच दिवस झाले. दुकान भाड्यानं द्यायचंय पण फळ्यांवर लोकांचे सेट तसेच आहेत, काहींवर नावाच्या चिठ्ठ्या आहेत, काहींच्या पुसल्यात. भंगारवाला सगळं उचलतो म्हणतो. देऊन टाकू का? मन होत नाही, अन् भीती पण वाटते कोणी मागायला आलं तर.
— एक भगिनी, हिंगोली जिल्हा

उत्तर: वहिनी, तुमचं पत्र आम्ही सगळ्या जुन्या लोकांनी वाचलं. आमच्यापैकी प्रत्येकाच्या दुकानात अशी फळी होती.

मागायला कोणी येणार नाही असं नाही, येईल, दहा वर्षांनी येणारे मी पाहिलेत, त्यामुळं एक काम करा. चिठ्ठ्या असलेल्या सेटचे मोबाईलमध्ये फोटो काढा, चिठ्ठीसकट, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका की अमुक तारखेपर्यंत घेऊन जा, राहिलेले पैसे माफ. पैसे माफ हे लिहाच, नाहीतर कोणी येणार नाही, शरमेनं. तारीख गेली की तुम्ही आपल्याकडून सांगायचं ते सांगितलं, एवढं मनाला समाधान.

व्हॉल्व्हचे रेडिओ, लाकडी पेटीचे, भंगारात बिलकुल देऊ नका, चालू नसले तरी हौशी लोक घेतात, पुण्या-मुंबईतून येऊन नेतात. सुटे व्हॉल्व्ह खोक्यात असतील तर कापसात गुंडाळून ठेवा, त्यावरचे नंबर बोटानं पुसू नका, शाई लगेच जाते अन् नंबर गेला की किंमत गेली. यजमानांची सर्किट डायग्रामची वही असेलच, प्रत्येकाची असायची, ती आयटीआयमध्ये जुने सर असतील तर त्यांना दाखवा, नाहीतर मला पाठवा.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही मात्र जपून. भंगारवाले तांब्यासाठी मागची कॉइल उपटतात आणि ट्यूबची बारीक मान हातोडीनं तोडतात, तुमच्या दारात हे करू देऊ नका. आत हवा नसते त्यामुळं काच फुटली तर जोरात आत ओढली जाते आणि तुकडे उडतात, शिवाय त्या काचेत शिसं असतं, ते विहिरीच्या अन् जनावरांच्या जवळ नको. ई-कचऱ्याचे नियम आहेत आता, हे सेट परवाना असलेल्या रिसायकलरकडंच गेले पाहिजेत, नगरपरिषदेत विचारा ई-कचरा कोण उचलतो ते. टीव्ही आहे तसा, बंद पेटीतच द्यायचा, घरातल्या पोरांना मागचं कव्हर काढू देऊ नका.

आणि भाडेकरू ठरवताना काउंटर अन् फळ्या त्याला फुकट देऊ नका, जुन्या दुकानांत ते सागाचं असायचं, सुताराला दाखवून वेगळे पैसे लावा.